सोळा घरांची बाई

काकांविषयी चांगलं बोलणारी माणसं पुष्कळ भेटतील. मी त्यांतली नव्हे. मला त्यांचा हेवा वाटायचा, आणि तोही थोडाथोडका नाही, दुपारच्या डब्यातली चपाती घशाखाली उतरू नये इतका. तेव्हा मी सांगते त्यातलं काय घ्यायचं नि काय सोडायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

रस्त्यानं ते स्वतःसारखे कधी चालत नसत. पुढे जो असेल त्याच्यासारखे चालत. परळच्या नाक्यापासून आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटीपर्यंत येताना पाच-सहा माणसं पालटायचे. एखाद्या पोस्टमनच्या मागे जरा डाव्या अंगाला कलून, मग दोन हातांत दोन पिशव्या घेतलेल्या बाईमागे खांदे पाडून, मग कुणा कॉलेजवाल्यामागे टाचा न टेकवता. मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून बघत असायची. लोक हसायचे. मीही हसायची, पण माझं हसू सरळ नसायचं. कारण हा माणूस येताना जे उचलून आणतोय ते दुपारपर्यंत कागदावर उतरणार, हे मला माहीत असायचं.

कानावर एक पेन्सिल, खिशात दुसरी, हातात तिसरी. तिन्हींना ब्लेडनं काढलेली लांबलचक टोकं. शर्ट मिलच्या दुकानातून कधीकाळी घेतलेल्या कापडाचा, धुऊन धुऊन कागदासारखा झालेला. कॉम्प्युटरच्या खोलीत जायला चपला काढाव्या लागत, ते त्यांना मान्य नव्हतं. "देवळात काढतो, ते देव आहे म्हणून. तुझ्या पेटीत कोण आहे?" असं इंजिनीअरला विचारून ते दाराबाहेर उभे राहत आणि तिथूनच ओरडून सांगत, "सातव्या ओळीत तिसरं घर तपकिरी कर! आठव्यातलं काढून टाक!" खाली पत्रे कापायचा कारखाना होता, त्याचं यंत्र दणादण चालायचं, त्याच्या वरताण यांचा आवाज.

घर म्हणजे चौकोन. हे जरा सांगायला हवं.

गिरण्यांचा संप फिसकटून दहाएक वर्षं झाली होती. आमचा शेठ टीव्हीला जोडून खेळायचे व्हिडिओ गेम विकायचा. सगळा माल बाहेरून यायचा. मग त्याच्या डोक्यात आलं की गेमची एक कॅसेट आपली, इथली काढू. त्यासाठी त्यानं एक इंजिनीअर ठेवला आणि चित्रांसाठी मला. मी गिरगावातली, खोताच्या वाडीच्या पाठीमागच्या चाळीतली, कमर्शिअल आर्टचा डिप्लोमा झालेली, एकवीस वर्षांची. त्या काळच्या गेममधलं माणूस म्हणजे सोळा घरं रुंद आणि बत्तीस घरं उंच, रंग फक्त तीन. तेवढ्यात डोकं, हातपाय, कपडे सगळं बसवायचं. आपण ग्राफ पेपरवर घरं रंगवून द्यायची, मग इंजिनीअर एकेक घर आकड्यांनी कॉम्प्युटरमध्ये भरणार. तीन महिने हे काम एकटीनं करत होते. घरी, शेजारीपाजारी माझं फार कौतुक चाललं होतं.

आणि मग शेठनं घरी चहा पिताना टेबलक्लॉथवरचा पोपट पाहिला. त्याच्या बायकोनं भरलेला, कुठल्याशा बायकांच्या मासिकातला नमुना बघून. चौकोनाचौकोनांचाच पोपट, पण मान वळवून बघतोय असा. शेठनं मासिकाच्या कचेरीत विचारून पत्ता काढला आणि घोडपदेवच्या एका चाळीतून या गृहस्थांना उचलून आणलं. पंचावन्न-छप्पन्नचं वय असेल. आम्ही त्यांना काका म्हणू लागलो.

काका मिलच्या डिझाइन खात्यात होते. वीस वर्षं साड्यांचे काठ काढले, ग्राफवर, घर मोजून. संपात त्या खात्यातल्या लोकांना मॅनेजर आत बोलवत होता म्हणे, पण हे गेले नाहीत. मी एकदा विचारलं, "काका, तुम्ही का नाही गेलात?" तर म्हणाले, "बायको वायंडिंग खात्यात सूत गुंडाळायला होती गो माझी. ती फाटकाबाहेर बसलेली नि मी आत पंख्याखाली कोयऱ्या काढू? मग जेवायला कुठे गेलो असतो?" त्यापुढची वर्षं त्यांनी मासिकांना भरतकामाचे नमुने काढून दिले, बायकोनं डबे केले. एवढंच. संपावर ते जास्त बोलत नसत. काठांवर तासभर बोलायचे.

त्यांचं एक वाक्य मला अजून टोचतं. "घर भरायला काय, कोणीपण भरतो. रिकामं ठेवायला अक्कल लागते."

आमच्या कॅसेटीतला खेळ साधा होता. गोदीतल्या पेट्या उचलून शिड्या चढायच्या, वरून गडगडत येणारी पिंपं चुकवायची. एकटा खेळला तर मुलगा. दोघं खेळले तर दुसरी त्याची बहीण. मुलगा मी आधीच काढला होता. बहीण करायला शेठनं सांगितलं तेव्हा मी तोच मुलगा घेतला, त्याला घेरदार फ्रॉक घातला, डोळ्याला एक घर वाढवून पापणी केली आणि डोक्यावर लाल रिबीन बांधली. उडी मारली की रिबीन हलायची. त्या रिबिनीवर मी दोन दिवस घालवले होते. शेठ खूश झाला. इंजिनीअर म्हणाला, "क्यूट आहे."

काकांनी कागद हातभर लांब धरून एक डोळा मिटून पाहिला.

"ही करते काय?"

"पेट्या उचलते. शिड्या चढते," मी म्हटलं.

"मग फ्रॉक कशाला? आणि तीन रंगांतला एक अख्खा रंग रिबिनीत घालवलास?"

"मुलगी आहे हे कळायला नको का?"

"रिबिनीवरून रिबीन कळते. मुलगी कशी कळेल?" मग अगदी कळवळून विचारावं तसं विचारलं, "तू शिडी चढतेस तेव्हा काय करतेस गो? हात कुठे असतो?"

आमच्या घरी माळा होता. लोणच्याची बरणी काढायला दर दोन दिवसांनी शिडीवर मीच चढायची. मी म्हटलं, "मी नाही कधी चढले शिडी."

शेठनं सांगितलं, काका, तुम्ही पण एक करून बघा. झालं. पुढचे आठ दिवस त्यांनी कागदाला हात लावला नाही. भोईवाड्यात, परळ गावात, जिथे जिथे बायका काही उचलून नेत असतील तिथे ते त्यांच्या मागे फिरत राहिले. माझ्या मनात आलं, बरंय, एक दिवस मार खाऊन येईल म्हातारा.

आणि तसा तो दिवस आला. सकाळची अकराची वेळ. दारातून आधी मासळीचा वास आला, मग काका. शर्टाच्या पाठीवरून पाण्याचे ओघळ, डोक्यावर खवलं चिकटलेली. चेहरा मात्र लग्नघरातल्यासारखा.

झालं होतं असं, की ते एका कोळणीच्या मागे लागले होते. धक्क्यावरून टोपली घेऊन बाजाराकडे निघालेली. दोन गल्ल्या झाल्यावर ती थांबली आणि वळली.

"ए बाबा, कवापासून बघते, माझ्या मागं मागं काय करतोस?"

काकांना खोटं बोलायची सवय नव्हती. ते म्हणाले, "बाई, तुमची टाच कधी उचलते ते बघतोय."

लोक जमायला लागले. कुणीतरी कॉलर धरली. बाईनं त्याला हटकलं, काकांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "बघून काय होतंय? उचल." टोपली यांच्या डोक्यावर ठेवून ती मोकळ्या हातानं पुढे चालायला लागली. बाजारापर्यंत तिनं यांना दोनदा शिव्या घातल्या, कारण टोपली डुलत होती आणि पाणी सांडत होतं.

"मान!" काका आम्हाला सांगत होते. "मान हलत नाही गो तिची! खाली सगळं चालतं, गुडघा, कंबर, खांदापण. वरती काय नाय. आपण चाललो तर डोकं वरखाली होतं. तिचं एका रेषेत जातं, दोरी बांधल्यासारखं."

त्या दुपारी त्यांनी चार चित्रं काढली. चार पावलं. मुलाच्या चालीत दर दुसऱ्या चित्राला डोकं एक घर वर जायचं, सगळ्या गेममध्ये तसंच असतं. काकांच्या मुलीचं डोकं चारही चित्रांत त्याच ओळीत. फ्रॉक नाही, रिबीन नाही, पापणी नाही. अंगात मुलासारखेच कपडे. डोक्यावर पेटी. इंजिनीअरनं आकडे भरून ती पडद्यावर चालवली. ती बाई होती. कशावरून, ते बोट ठेवून कुणालाही सांगता येत नव्हतं.

मला रडू येईल असं वाटलं आणि ते कौतुकाचं नव्हतं. मी बाई. जन्मभर मी बायकांत राहिलेली. आमच्या वाडीत रोज सकाळी तीन कोळणी येतात, मी त्यांच्याशी भाव करते, त्या टोपली उचलून निघतात ते बघते. मला एकदाही ती मान दिसली नव्हती, आणि या गृहस्थाला आठ दिवसांत दिसली.

त्या संध्याकाळी मी ते चार कागद कुणाला न सांगता घरी नेले. ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवले. मग स्वतः तशी एक काढून बघितली. डोकं एका ओळीत ठेवलं तरी माझी बाई काठी गिळल्यासारखी चालायची. तीन दिवस मी ते कागद नेत-आणत होते. तिसऱ्या दिवशी सापडलं. डावा हात आणि कंबर यांच्यामध्ये एक घर होतं. पहिल्या पावलाला रिकामं, दुसऱ्याला भरलेलं, तिसऱ्याला पुन्हा रिकामं. ते एवढंसं भोक उघडायचं, मिटायचं, आणि त्यातच तिचा सगळा जीव होता. सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता. मी तो कागद चुरगाळून मोरीत टाकला.

शनिवारी शेठनं समोरच्या चाळीतल्या दोघी बहिणींना खेळायला बोलावलं, सातवी-आठवीतल्या. आधी माझी रिबीनवाली लावली. त्या म्हणाल्या, "छान आहे," आणि पाच मिनिटांनी मोठीनं मुलगाच मागून घेतला. मग काकांची लावली. दोघींनाही तीच हवी झाली. मोठी खेळत असताना धाकटीनं तिच्या हातातला कंट्रोलर ओढला, वायर उपटली गेली, रडारड झाली. इंजिनीअर हसत म्हणाला, "शेठ, निकाल लागला."

पण शेठला धंदा करायचा होता. सोमवारी त्यानं मला एकटीला केबिनमध्ये बोलावलं. दोन्ही चित्रं टेबलावर होती.

"माझ्या डोक्याचा भुगा झालाय," तो म्हणाला. "म्हाताऱ्याची भारी आहे, मला दिसतंय. पण दुकानदाराला खोक्यावर बघून कळेल काय, ही मुलगी आहे म्हणून? तू सांग. तू लेडीज आहेस. तुला जास्त समजणार."

कुठली चांगली आहे असं त्यानं मला विचारलंच नव्हतं. तसं विचारलं असतं तर कदाचित खोटं बोलणं जड गेलं असतं. पण मला मान दिला होता, लेडीज म्हणून.

मी म्हटलं, "खरं सांगू शेठ? मला ती बाई वाटतच नाही. मुलींना स्वतःला नटलेलं बघायला आवडतं. काका पुरुष आहेत, त्यांना ते कसं कळणार?"

"बघ, हेच मला पाहिजे होतं," शेठ म्हणाला आणि माझा कागद इंजिनीअरकडे पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या टेबलाशी आले. भांडतील म्हणून मी तयारीत होते. ते उभेच राहिले.

"शेठ म्हणाला, तुला ती बाई वाटली नाही."

"नाही वाटली काका."

"मुलींना नटलेलं आवडतं?"

"हो."

"तुलापण?"

"हो," मी म्हटलं. शाळा सुटल्यापासून मी केसांना साधी पिनसुद्धा लावली नव्हती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादा नवा काठ समजून घ्यावा तसं. मग "बरं" म्हणाले. उरलेला महिनाभर त्यांनी पिंपं काढली, शिड्या काढल्या, गोदीची कौलं काढली, सगळं सुंदर काढलं, आणि काम संपल्यावर पेन्सिली खिशात टाकून निघून गेले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याचाही मला रागच आला.

कॅसेट निघाली. खोक्यावर माझी रिबीनवाली होती. गिरगावात आमच्या ओळखीच्या दुकानात ती काचेत लावलेली बघायला मी आईला घेऊन गेले. वर्षभर बरी खपली, मग बाहेरचा स्वस्त माल आला आणि शेठ कॉर्डलेस फोन विकायला लागला.

माझं मात्र चांगलं चाललं. पुढे मिलच्या आवारात काचेच्या इमारती उठल्या, त्यातल्या एकीत बाहेरदेशच्या गेमसाठी पात्रं घडवायची कंपनी आली. मी तिथे लागले, वर चढत गेले. आता घरं मोजावी लागत नव्हती, केसांची बट न् बट दाखवता येत होती. मी बायका करायची. तलवारवाल्या, बंदूकवाल्या, पंखवाल्या. परदेशातून मेल यायचे: कंबर अजून बारीक, चिलखत अजून कमी, टाच अजून उंच. मी करून पाठवायची. माझा हात त्यात बसला होता, असं सगळे म्हणायचे.

एकदा नव्यानं लागलेली एक मुलगी माझ्या पडद्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मॅडम, ही या टाचांवर पळणार कशी?"

"क्लायंटला हेच हवंय," मी म्हटलं. "मुलांना तेच आवडतं."

"आणि मुलींना?"

मी तिला काहीतरी काम देऊन पिटाळलं. पण त्या दिवशी मला पुढे काही करता आलं नाही. रविवारी मी घोडपदेवला गेले. बारा वर्षांनी. चाळ सापडायला वेळ लागला नाही. भरतकामवाले काका म्हटल्यावर पानवाल्यानंच जिना दाखवला.

ते दुसऱ्या मजल्यावर, खोलीच्या दाराशी उजेडात बसून ग्राफ रंगवत होते. बरेच वाकले होते, कान जड झाले होते. मला मात्र ओळखलं. "अगो, च्या ठेव, गिरगावचं चेडू इलाहा!" गिरगावची पोर आली म्हटल्यावर त्यांची बायको हसत स्टोव्हकडे गेली.

खोलीभर नमुने टांगलेले. पोपट, मोर, गलबतं, तुळशीवृंदावनं, आंब्याची डहाळी. मी सगळी भिंत बघितली.

"काका, बायका नाहीत यात? मासिकवाले मागत असतील की. पाणी भरणारी, दळणारी."

"मागतात. मी नाय करत." पेन्सिल कानावर ठेवून ते सहज म्हणाले, "तू तेव्हा सांगितलंस ना. मी विचार केला, आपण बाप्या माणूस, मागनं मागनं फिरून किती कळणार? जिची गोष्ट तिलाच ठाऊक. मला वाटलं होतं मला दिसतं. नाय दिसत. मग कशाला उगाच खोटं काढायचं? सोडून दिलं."

त्यांनी हे मला दोष द्यावा म्हणून सांगितलं नव्हतं. माझं ऐकून आपण सुधारलो, असं ते सांगत होते. मिलच्या मॅनेजरचं न ऐकलेला माणूस, कॉलर धरणाऱ्यांना न घाबरलेला माणूस, माझ्या एका वाक्यावर गप्प बसला होता, आणि बारा वर्षं.

मी म्हटलं, "काका, मी खोटं बोलले होते."

"काय?"

"ती बाईच होती. मला पहिल्या क्षणाला दिसलं होतं. मी मुद्दाम सांगितलं."

त्यांनी मांडीवरचा कागद बाजूला ठेवला.

"मुद्दाम?"

"हो."

"मग आता मला सांगून काय उपयोग? बारा वर्षांनी? मी त्याचं काय करू?" त्यांचा आवाज चढला. मी त्यांना चढ्या आवाजात खूपदा ऐकलं होतं, पण रागावलेलं पहिल्यांदाच. "माझे डोळे काढून घेतलेस तू! जा तू. ऊठ. जा!"

बायको हातात कप घेऊन तशीच उभी राहिली. मी चप्पल घातली आणि जिना उतरले. चाळीच्या चौकात पोचले असेन, तेवढ्यात वरून हाक आली. ते कठड्याला धरून उभे होते.

"का केलंस?"

मी मान वर करून हळूच म्हटलं, "हेवा वाटला काका."

"काय? ऐकू नाय येत!"

तिन्ही मजल्यांवर माणसं बाहेर आली होती. कुणी टॉवेल वाळत घालता घालता थांबलं होतं.

"हेवा!" मी ओरडले. "तुमचा हेवा वाटला! मला तशी काढता आली नाही! घरी नेऊन गिरवली, तरी आली नाही!"

ते खाली बघत राहिले. मग वळून बायकोला काहीतरी म्हणाले. म्हणजे त्यांना वाटलं हळू म्हणाले, पण जड कानांच्या माणसाचं हळू सगळ्या चाळीला ऐकू येतं.

"म्हणजे जमली होती गो. ऐकलंस? जमली होती."

आणि आत निघून गेले. मला वर बोलावलं नाही.

मी अजून तेच काम करते. बक्षिसंही मिळाली आहेत दोन. माझ्या कामाचा कुणाला हेवा वाटल्याचं मात्र आजवर ऐकिवात नाही.